उंबरातली केंबरं: देवाच्या नावाने काय काय वाचतं

उन्हाळ्याच्या सुट्टीत ओढ्याकाठच्या म्हसोबापाशी गेलं की पायाखाली पिकल्या उंबरांचा नुसता सडा पडलेला असायचा. आबा त्यातलं एखादं न चेंगरलेलं फळ उचलायचे, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडायचे आणि आत जोरात फुंकर मारायचे. तिळाएवढीही नसलेली काळपट केंबरं, म्हणजे उंबरातल्या बारीक माशा, भुर्रकन उडायची. मग ते उंबर माझ्या तळहातावर. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "गेली की उडून. खा आता, काय हुत न्हाई."

झाकलेलं बरं असतं ते उगाच उकरून काढणाऱ्याला आपल्याकडे 'उंबर फोडून केंबरं काढतो' म्हणतात. आज मी तेच करणार आहे. देवाच्या नावाने राखलेल्या झाडांमुळे आणि जागांमुळे निसर्ग कसा टिकतो, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या केंबरांत आहे. उरलेलं निम्मं जरा कडू आहे, पण तेही सांगायला हवं.

आधी एका शब्दाची उकल करू. जैवविविधता म्हटलं की डोळ्यापुढे वाघ येतो, नाहीतर कुठलं तरी दुर्मिळ फूल. अर्थ साधा आहे. एका टापूत किती तऱ्हेचे जीव राहतात आणि ते एकमेकांच्या जिवावर कसे जगतात, हे दोन्ही मिळून जैवविविधता. यातला दुसरा भाग आपण विसरतो. जीवांची यादी पाठ करता येते, पण कोण गेल्यावर कोण उपाशी मरेल, हे यादीत दिसत नाही.

पवित्र जागांवरचं लिखाण वाचायला घेतलं की पहिल्या पानावर देवराई येते, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या, तेव्हापासून हा विषय शास्त्रज्ञांच्या टेबलावर आला. देशात आजवर १३,००० हून जास्त देवरायांची नोंद झाली आहे. पण त्यातल्या आपल्या राज्यातल्या बहुतेक कोकणात आणि घाटात. मराठवाड्यात कुणाला देवराई कुठाय म्हणून विचारलं तर पारावरची माणसं आधी तुमच्याकडे बघतील आणि मग विचारतील, "ती काय असती?" बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने 'सह्याद्री देवराई' उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरलं, त्याचं अध्यक्षपद चक्क वडाच्या झाडाकडे होतं. कल्पना मला आवडली. पण ती लावलेली देवराई आहे, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली नव्हे.

राखायला रान होतंच कुठे? राष्ट्रीय वनधोरण म्हणतं एक तृतीयांश जमिनीवर जंगल हवं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून ते ५ टक्केही भरत नाही, त्यातलंही मोठं गाठोडं नांदेडच्या किनवट-माहूर भागात. लातूर जिल्ह्यात तर एक टक्कासुद्धा नाही. त्यामुळे आमच्याकडे जे पवित्र आहे ते सुटं सुटं आहे. पारावरचा पिंपळ, बांधावरचा म्हसोबा आणि त्याच्या डोक्यावरचं लिंब, पिराच्या आवारातली चिंच, डोहावरच्या साती आसरा, बारवेच्या कोनाड्यातला शेंदूर फासलेला दगड, शेतातलं न मोडलेलं वारूळ. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर-धाराशिवकडे सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करतात, पांडव मांडतात, भज्जी-आंबिलाचा नैवेद्य दाखवतात. त्या पंगतीला सावली लागते म्हणून कित्येक बांधांवर एखादं झाड शिल्लक आहे. ट्रॅक्टर वळायला अडचण होते, तरीही.

असं सुटं सुटं राखून काय होणार, असं मलाही वाटायचं.

पण राखण्याची रीत आधी बघा. पिंपळावर मुंजा असतो. मुंज झाली, पण लग्नाआधीच गेला, अशा पोराचं भूत. आज्जीचा दम ठरलेला, "त्याला कोयता लावू नगंस, रगत ओकशील." बहात्तरच्या दुष्काळात कडबा संपला तेव्हा याच पिंपळाचा पाला आमच्या बैलांनी खाल्ला होता, हे मात्र आज्जीच सांगायची. आकडीने डहाळी वाकवायची, हाताने पाला ओरबाडायचा. मुंज्याची त्याला हरकत नव्हती, हरकत होती ती फक्त कुऱ्हाडीला. म्हणजे नियम 'हात लावू नका' असा नव्हता, 'वापरा, पण मारू नका' असा होता. वनखात्याला जे जाडजूड आराखड्यात लिहावं लागतं ते इथे एका भुताने सांभाळलं. त्याला पगार नाही, रात्रपाळी मात्र कायमची. सरकारी योजना पाच वर्षांची असते आणि वडाचं आयुष्य काही शतकांचं. इतका लांब पल्ला गाठणारी राखण माणसाने भीती आणि भक्ती सोडून दुसऱ्या कशाने केल्याची उदाहरणं थोडीच सापडतात.

आता केंबरं.

खूप दिवसांनी भेटलेल्याला आपण 'उंबराचं फूल झालास की रे' म्हणतो, कारण उंबराला फूल येत नाही अशी आपली समजूत. फुलं येतात, शेकड्यांनी येतात, फक्त बाहेर दिसत नाहीत. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरं तर एक बंद पिशवी आहे आणि फुलं तिच्या आतल्या अंगाला लागलेली असतात. पिशवीच्या टोकाला बारीक भोक असतं. त्यातून आत जाऊन परागीभवन करू शकते ती फक्त उंबराची म्हणून असलेली एक चिमुकली माशी, गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. एकीचं काम दुसरीला जमत नाही.

भोक इतकं अरुंद की आत घुसताना मादीचे पंख तुटून पडतात. ती परत यायच्या बोलीवर गेलेलीच नसते. अंगावरून आणलेला पराग ती आतल्या फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी आतल्या आत नवी पिढी तयार होते. नर आधी निघतात. त्यांना पंख नसतात, उजेडही बहुधा दिसत नाही. माद्यांशी मिलन करायचं आणि त्यांना बाहेर पडायला भोक कोरून द्यायचं, आयुष्यात एवढीच दोन कामं. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात. त्यांच्या हातात आता फार तर एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात नेमक्या अवस्थेतलं कोवळं उंबर सापडलं पाहिजे. ते आपल्याच झाडावर सहसा मिळत नाही, कारण एका झाडाची फळं साधारण एकाच वेळी पिकतात. दुसरं झाड गाठायचं, नाहीतर खेळ खलास.

म्हसोबाचं उंबर ओढ्याकाठी एकटं उभं दिसतं, पण त्याचा संसार पाच-दहा गावांत पसरलेला आहे. शेजारच्या गावी दत्ताच्या देवळामागे एक, पलीकडे दर्ग्याच्या विहिरीवर एक, आणखी पुढे कुणाच्या तरी मळ्यात 'देवाचं आहे, राहू द्या' म्हणून राहिलेलं एक. आज या झाडाला फळ, महिन्याने त्याला. केंबरं वाऱ्यावर बसून मधलं अंतर तोडतात. आफ्रिकेतल्या उंबराच्या एका भाऊबंदावरच्या अशा माशा शंभर किलोमीटरहून लांब गेल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. म्हणून गावागणिक एक झाड, ही राखण दिसते तेवढी किरकोळ नाही. ती साखळी आहे. कुणी ठरवून केलेली नाही. प्रत्येक गावाने आपापल्या देवाला भिऊन एकेक कडी धरून ठेवली, बस्स. पण साखळी म्हटलं की उलटंही खरं होतं. मधल्या चार गावांनी झाडं काढली की पाचव्या गावचा दत्त कितीही जागृत असो, तिथली माशी हळूहळू संपणार आणि तिच्यामागे फळ.

या वर्षभराच्या आलटून-पालटून फळण्याचा फायदा भलत्यांनाच होतो. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात काय असतं? ज्वारी निघालेली, ओढे कोरडे, बाभळीच्या शेंगा गळालेल्या. अशा वेळी वड, पिंपळ, उंबर यांतलं कुठलं तरी झाड कुठे तरी पिकलेलं असतं आणि त्यावर हरियालांचा थवा, तांबट, बुलबुल, कोकिळा, खाली खारी, रात्री वटवाघळं. एका झाडावर इतक्यांचा उन्हाळा निघतो, म्हणून अशा झाडांना शास्त्रज्ञ 'कळीच्या जाती' म्हणतात. खाल्लेलं बी ही मंडळी शिटीतून दूर नेऊन टाकतात. देवळाच्या शिखरावर उगवलेला पिंपळ हा त्याच व्यवहाराचा भाग आहे. यातल्या वटवाघळाला कुणी नमस्कार करत नाही, उलट अपशकुनी म्हणतो. दत्ताने उंबर वाचवलं आणि उंबराने देव नसलेल्यांची सगळी बिऱ्हाडं पोसली. माझ्या मते पवित्र झाडाचं खरं मोल झाडात कमी आणि या बिऱ्हाडांत जास्त आहे.

सलग असा मोठा तुकडा उरला तो डोंगरातल्या देवांपाशी. माहूरगडावर रेणुका, अनसूया आणि दत्त, भोवती सागाचं रान. बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. धाराशिवजवळ बालाघाटाच्या कुशीत येडशीचं रामलिंग. रामलिंगाच्या परिसराला सरकारने १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर केलं. जेमतेम २२ चौरस किलोमीटर. असा लहान तुकडा चोहोबाजूंनी शेतांनी वेढला की त्याचं समुद्रातल्या बेटासारखं होतं. आत जे आहे ते तेवढंच राहतं, बाहेरून भर पडत नाही, एखादी जात गेली की परत येण्याची वाट बंद. कडेकडेने घाणेरी आणि वेडी बाभूळ ही बाहेरून आलेली झुडपं आत सरकतात. देवाचं नाव कुऱ्हाड थोपवतं, घाणेरी नाही.

आणि रामलिंगापाशीच ते कडू निम्मं येतं.

रावण सीतेला घेऊन निघाला तेव्हा जटायूने त्याला इथे अडवलं, घायाळ होऊन तो इथेच पडला आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी तिथली कथा. जटायूची समाधी दाखवतात. श्रावणात सगळा घाट माणसांनी फुललेला असतो. आम्ही शाळेच्या सहलीत त्या समाधीला हात जोडले होते. गुरुजींना मी विचारलं, जटायू म्हणजे कोणता पक्षी? ते म्हणाले, गिधाड. गिधाड मी तोवर पाहिलं नव्हतं. आजतागायत आमच्या शिवारात एकही पाहिलेलं नाही. आबांच्या लहानपणी गावाबाहेर मढं टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं म्हणे.

गिधाडांना कुणी मारलं नाही. जनावरांच्या अंगदुखीवर, तापावर डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक १९९० च्या दशकात स्वस्त झालं. ते टोचल्यावर दोन-चार दिवसांत जनावर दगावलं तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राहतं. गिधाडाच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. रक्तात युरिक अॅसिड साचतं, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो आणि पक्षी मान टाकून फांदीवर बसल्या बसल्या मरतो. हे कारण २००४ मध्ये पक्कं झालं. एका मढ्यावर पन्नास गिधाडं बसतात, त्यामुळे शंभर मढ्यांत एखाददुसरंही विषारी असलं तरी पुरे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत पंधरा-वीस वर्षांत हजारातलं एखादंच उरलं. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. त्याच्यासारखीच घातक निघालेली अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन बंद व्हायला २०२३ उजाडलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, तेही मेडिकलात मिळतं. मढी पडत राहिली, ती खायला कुत्री आली.

ज्याने गायीला सुई टोचून घेतली तो शेतकरी गायीवर माया करणाराच होता. श्रावणात तोही रामलिंगाला जात असेल. पवित्र असण्यात ही अडचण आहे. माणूस समोर उभं राहून जे करतो ते थांबवायची ताकद श्रद्धेत असते. दोन दिवस आधी, दुसऱ्या गोठ्यात, तिसऱ्याच कारणाने जे केलं ते देवाच्या कानावर जात नाही. मोर कार्तिकेयाचं वाहन आहे, राष्ट्रीय पक्षी आहे. बीड जिल्ह्यात नायगावला त्याच्यासाठी १९९४ पासून अभयारण्य आहे. पण औषध चोळलेलं बियाणं मोराने टिपलं की वाहनाचा परवाना कामी येत नाही.

कधी कधी तर भक्तीच अंगावर येते. सोनं म्हणून आपटा ओरबाडायचा, आणि तो मिळाला नाही की त्याच्यासारखी पानं असलेला कांचन. लक्षबेलाचे नवस. वटपौर्णिमेला बाजारात विकायला आलेल्या फांद्या. शमी हे राजस्थानातल्या बिश्नोईंचं खेजडीचं झाड. १७३० मध्ये खेजडलीला ते वाचवताना ३६३ माणसांनी जीव दिला. आपण त्याच झाडाच्या फांद्या दसऱ्याला मोडून घरी नेतो, आणि दोघांच्याही लेखी ते पवित्रच.

एकाला मात्र देवच मिळालेला नाही. गवताला. दूर्वा, दर्भ सोडले तर माळरानाच्या गवतावर कुणाचा शेंदूर नाही. खरं तर मराठवाड्याचा मोठा भाग मुळात उघडा माळच. मुरमाड जमीन, कुसळी गवत, मधूनमधून बोर आणि हिवर. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल आणि एके काळी माळढोक, हे सगळे तिथले. माळढोकासाठी शेजारी सोलापुरात १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी राज्यातून तो जवळजवळ गेलाच. आणि आपण मात्र माळ दिसला की 'ओसाड' म्हणून तिथे गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायला धावतो. झाडाला नमस्कार करायची सवय इतकी मुरली आहे की झाड नसलेली जागाही भरलेली असू शकते, हे आपल्याला पटत नाही. वृक्षारोपणाच्या फोटोंत मी स्वतःही आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

खर्च कोण सोसतो, हेही बघायला हवं. देवराईचा भार सगळ्या गावावर वाटला जातो, पण नावात गाय असलेली नीलगाय, आमची रोही, ती रात्रीत एकाच शेतकऱ्याचा हरभरा बसवते. त्याच्यापुढे पावित्र्याचं प्रवचन चालत नाही. आणि 'पवित्र' या शब्दालाच कुंपण होतं. पिंपळाची सावली सगळ्यांवर पडायची, पण पारावर बसायची मुभा सगळ्यांना नव्हती. बारवेत कासवं सुखाने राहायची आणि गावकुसाबाहेरच्या बायका पाण्याला कुणी वाढेल म्हणून काठावर ताटकळायच्या. जुनी राखण कौतुकाने सांगताना हे गाळलं तर ते अर्धसत्य होईल. राखण हवी, पण ती कुणाला बाहेर ठेवून केलेली असू नये. यावर माझं मत पक्कं आहे.

आमच्या गावातल्या मुंज्याचं पुढे काय झालं? त्याला कट्टा मिळाला. कुठल्याशा निधीतून खोडाला लागून गोल सिमेंट, वर फरशी, फरशीवर देणगीदारांची नावं. दोन वर्षांत दक्षिणेकडच्या फांद्या वाळल्या. झाड अन्नपाणी घेतं ते खोडापाशी नव्हे, तर फांद्यांच्या सावलीखाली आणि तिच्याही बाहेर पसरलेल्या बारीक मुळांनी. ही मुळं जमिनीच्या वरच्या हात-दीड हातात असतात, त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. सिमेंटने दोन्ही बंद केलं. कुऱ्हाड कुणी लावलीच नव्हती, त्यामुळे पापही कुणाला लागलं नाही. शेवटी चौघा पोरांनी पहारीने फरशी उचकटली, हातभर रुंदीची गोल चर मोकळी केली आणि शेणखत टाकलं. गेल्या फाल्गुनात वाळल्या बाजूला तांबूस पालवी आली. सगळ्या नाही, दोन डहाळ्यांना.

कायद्यात या सगळ्याला जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी आणि गावातल्या जीवांची, त्यांच्याविषयी लोकांना असलेल्या माहितीची लोक जैवविविधता नोंदवही हवी. राज्य सरकारला एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणूनही जाहीर करता येते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या देवरायांची मोजणी करून नकाशे करायला सांगितलं आणि देशभरासाठी धोरण करायची सूचना केंद्राला केली. आमच्या पाराला आणि म्हसोबाला त्या धोरणात कुठला रकाना मिळेल, बघायचं. नोंदवह्यांना राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती, पुढे दंड. मुदत आणि दंड म्हटल्यावर वह्या कशा भरतात ते सांगायला नको.

मी आमच्या गावची वही मागून घेतली. झाडांच्या पानावर लिहिलं होतं: 'पिंपळ – १. वड – २. लिंब – भरपूर.' उंबर नव्हतंच. खिशात पेन्सिल होती. खाली लिहिलं: 'उंबर – १. ओढा, म्हसोबा. फळ चैत्रात. दुसरं उंबर दर्ग्याच्या विहिरीवर, तिसरं दत्ताच्या देवळामागे.' चौथं कुठे आहे ते विचारायला आबा नाहीत. ते मी शोधतो आहे.